भिंतीवरची वर्गणी, वहीतला खर्च

आमच्या गावच्या मारुतीच्या देवळात आतल्या भिंतीवर हरिनाम सप्ताहाच्या वर्गणीची यादी रंगवलेली आहे. ५,००१ देणारा वर, ५१ देणारा खाली. पण नाव प्रत्येकाचं. एका ओळीत 'अर्धं पोतं गहू' असंही आहे. त्याच गावात निवडणुकीला किती पैसा लागला आणि तो कोणी दिला, हे मात्र एकाच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. अण्णांच्या वहीत.

अण्णा माझे चुलत सासरे. २००५ पासून आमच्या पॅनेलचा हिशेब त्यांच्याकडे आहे. पॅनेलच्या पैशातला एक चहासुद्धा त्यांनी कधी स्वतःसाठी लावला नाही, म्हणून विरोधी पॅनेलची माणसंही त्यांच्यासमोर आवाज चढवत नाहीत. जानेवारी २०२१ मध्ये राज्यात १४,२३४ ग्रामपंचायतींची निवडणूक एकदम लागली, तेव्हा महिला राखीव जागेवर मी याच पॅनेलमधून निवडून आले. आता आमची मुदत संपत आली आहे आणि नव्या बैठका सुरू झाल्या आहेत. परवा शेतात हुरड्याला बसलो असताना विषय निघाला आणि शेवटी तो भांडणाच्या काठापर्यंत गेला. जसं बोलणं झालं तसं लिहिते आहे.

अण्णा आगटीतल्या विस्तवात कणसं खुपसत होते. मी म्हणाले, "अण्णा, या वेळी मी उभी राहिले तर ठेकेदाराचा पैसा नको."

"मग कोणाचा?"

"लोकांचा."

"लोक कुठं देतात? लोक घेतात." त्यांनी कणीस फिरवलं. "सूनबाई, तू पैसा म्हटलं की दारू आणि मटण डोळ्यांसमोर आणतेस. खर्चाची सुरुवात तिथं होत नाही. २०१० ला एक जागा अनुसूचित जातीच्या बाईसाठी राखीव होती. वस्तीतली एक बाई तयार झाली. नवरा ऊसतोडीला गेलेला, घरपट्टी सात वर्षांची थकलेली. थकबाकी असली की विरोधक हरकत घेतात आणि अर्ज उडतो. मग घरपट्टी भरा, अनामतीचे शंभर भरा, जातीच्या दाखल्यासाठी तालुक्याला फेऱ्या, पडताळणीसाठी जिल्ह्याला फेऱ्या. फोटो, झेरॉक्स, घोषणापत्र, वकिलाची फी. मत मागायला ती बाहेर पडली नव्हती तोवर चार हजार गेले होते. तिच्या घरात चाळीस रुपये नव्हते. सरकारने तिला खुर्ची दिली, पण खुर्चीपर्यंत जायचं भाडं नाही दिलं. ते आम्ही दिलं. त्यात काय पाप केलं?"

याला माझ्याकडे चटकन उत्तर नव्हतं, आणि अजूनही पुरतं नाही. महाराष्ट्रात स्थानिक संस्थांमध्ये निम्म्या जागा बायकांच्या झाल्या त्याला २०११ पासून आता बरीच वर्षं झाली. आमच्यासारख्या कितीजणी त्या दारातून आत आल्या. पण दार उघडायला कोणीतरी पैसे मोजलेले असतात, हे आम्ही एकमेकींत कधी बोलत नाही.

मी विचारलं, "भाडं ज्याने दिलं त्याने पुढे तिच्याकडून काय घेतलं?"

अण्णा थोडा वेळ बोलले नाहीत. "सह्या घेतल्या," ते म्हणाले. "ठरावाचं रजिस्टर तिच्या घरी जायचं. ती चुलीपुढून उठून सही करायची."

"मग ती सदस्य कोणाची होती? वॉर्डाची, की भाडं देणाऱ्याची?"

"दोघांचीही. तिच्या वस्तीत तिने हातपंप आणला की."

"आणला. आणि वस्तीचा रस्ता?"

"रस्ता राहिला," अण्णा म्हणाले.

अण्णा खोटं बोलत नाहीत. म्हणूनच त्यांच्याशी वाद घालावासा वाटतो. त्यांनी पिशवीतून वही काढली. लाल कापडी बांधणीची, वाण्याच्या दुकानात असते तशी. येताना ती सोबत आणली होती, म्हणजे बोलणं कुठे जाणार याची त्यांना कल्पना असावी. त्यांनी चार आकडे वाचून दाखवले. नऊ जागांच्या आमच्या पॅनेलचा खर्च २००५ मध्ये ३१ हजार, २०१० मध्ये एक लाख दहा हजार, २०१५ मध्ये पावणेतीन लाख आणि २०२१ मध्ये नऊ लाख चाळीस हजार.

"महागाई," ते म्हणाले.

"एवढी महागाई नाही झाली, अण्णा. २०१५ नंतर काय बदललं ते बघा. चौदाव्या वित्त आयोगाचा पैसा थेट ग्रामपंचायतीच्या खात्यावर यायला लागला. पंधराव्यात तीन वाटे झाले, तरी ऐंशी टक्के ग्रामपंचायतीलाच. आधी सरपंचाकडे दिवाबत्ती आणि जन्म-मृत्यूचे दाखले होते. आता गटार, पेव्हर ब्लॉक, पाण्याची लाइन, अंगणवाडीची दुरुस्ती. एका वर्षात जेवढा पैसा येतो तेवढा पूर्वी पाच वर्षांत यायचा नाही. जिथे पैसा खर्च करायचा अधिकार आला, तिथे निवडणुकीत पैसा लावणारा आला."

"म्हणजे अधिकार परत मुंबईला द्यायचे?" अण्णांचा आवाज पहिल्यांदा चढला. "मी लहान होतो तेव्हा, १९६२ ला, जिल्हा परिषदा झाल्या. आमचे वडील सांगायचे, त्याआधी विहिरीचा कागद मामलेदाराकडे तीन वर्षं पडून राहायचा. आणि आत्ता बघितलंस ना? मार्च २०२२ ला बहुतेक जिल्हा परिषदांची मुदत संपली आणि जवळजवळ चार वर्षं प्रशासक बसले. निवडणूक नाही म्हणजे निवडणुकीचा खर्च नाही. तुझ्या हिशेबाने कारभार धुतल्या तांदळासारखा व्हायला पाहिजे होता. झाला का? ठेकेदार तेच. फक्त गावातला माणूस ज्याला जाऊन विचारायचा तो सदस्य गेला. निवडणुकीतला पैसा वाईट म्हणून ओरडत राहिलीस, तर लोक म्हणतील निवडणूकच नको. तुझ्या बोलण्याने त्यांचं फावेल."

हा त्यांचा सगळ्यात खरा मुद्दा होता. प्रशासकाच्या काळात आमच्या गटातल्या शाळाखोलीचं पत्र मी स्वतः तीनदा दिलं, आणि विचारायला कोणाच्या दारात जावं हेच कळत नव्हतं. मी तसं कबूल केलं. "अधिकार गावातच राहिले पाहिजेत," मी म्हणाले. "पण प्रशासकाच्या काळातही ठेकेदार तेच राहिले, ते कामाचा निर्णय जिथे होतो तिथे जाऊन बसतात म्हणून. निर्णय वर होता तेव्हा ते वर गेले. आता खाली आलाय, तर आपल्या आगटीपाशी येऊन बसतील. मला त्यांना इथून उठवायचं आहे."

"कायद्यात सोय आहे," अण्णा म्हणाले. त्यांना कायदा पाठ आहे. ग्रामपंचायत अधिनियमाच्या कलम १४ मध्ये लिहिलंय की, ग्रामपंचायतीच्या कामात स्वतःचा किंवा भागीदाराचा, सरळ किंवा आडून, हिस्सा असलेला माणूस सदस्य राहू शकत नाही.

"हो. पण ते कलम सदस्याचा हिस्सा बघतं. सदस्याच्या प्रचारगाडीत डिझेल कोणी भरलं, ते बघत नाही. ज्याने भरलं त्याला दुसऱ्या महिन्यात काम मिळालं, तर त्या कलमाच्या लेखी काहीच घडलेलं नाही."

"आणि खर्चाची मर्यादा?"

"तुम्हीच सांगा ना तिचं काय होतं ते."

२०२१ मध्ये आमच्यासारख्या नऊ सदस्यांच्या गावात उमेदवाराला २५ हजारांची मर्यादा होती. निकालानंतर तीस दिवसांत हिशेब द्यायचा. दिला नाही तर कलम १४-ब खाली पाच वर्षांपर्यंत अपात्र. त्या कलमाने कोण जातं, हे तालुक्याला कोणालाही विचारा. हरलेला गरीब उमेदवार जातो, ज्याला तारीख माहीत नव्हती. लिहिता-वाचता न येणारी बाई जाते, जिचा अर्ज दुसऱ्याने भरला होता. ज्याच्या मागे हिशेबनीस आहे त्याचा हिशेब वेळेवर आणि मर्यादेत जमा होतो. आमच्या नऊ जणांचे हिशेब अण्णांनीच भरले होते. त्यांनी ते नाकारलं नाही. "मर्यादा एवढी कमी ठेवली की खरं लिहायची सोय नाही," ते म्हणाले. "एका वॉर्डात शेकडो उंबरे. एकदा सगळ्यांना चहा पाजला आणि दोन गाड्या फिरवल्या तर मर्यादा संपते. खरं लिहायला लावायचं असेल तर खरा आकडा धरा." हेही मला पटतं.

हुरडा चोळून झाला होता. शेंगदाण्याची चटणी आणि गूळ पुढे आला, तेव्हा अण्णांनी बिनविरोधचा विषय काढला. त्यांच्या मते हा सगळ्यावरचा उपाय आहे. खर्च वाचतो, आणि मुख्य म्हणजे भावकी फुटत नाही. आमच्याकडे २०१५ च्या निवडणुकीनंतर दोन सख्ख्या भावांनी बांधावर बाभळीचं कुंपण घातलं, ते अजून आहे. हिवरे बाजारसारखं गाव तीस वर्षं बिनविरोध चाललं आणि कुठल्या कुठे गेलं.

"हिवरे बाजारलाही २०२१ ला निवडणूक झालीच," मी म्हणाले, "आणि पोपटराव पवारांचं पॅनेल मतं मागून निवडून आलं. त्याने गावाचं काही बिघडलं नाही. पण त्याच निवडणुकीत उमराण्याला आणि खोंडामळीला काय झालं ते आठवतंय ना?"

आठवत होतं. नाशिक जिल्ह्यातल्या उमराण्यात पदासाठी बोली लागली आणि ती दोन कोटींच्या वर गेली. नंदुरबार जिल्ह्यातल्या खोंडामळीत ४२ लाखांवर थांबली. पैसा देवळासाठी होता. राज्य निवडणूक आयोगाने दोन्हीकडची निवडणूक रद्द केली.

"तो पैसा कोणाच्या घशात नाही गेला," अण्णा म्हणाले. "देवळाला गेला. दारूत गेला असता तर बरं झालं असतं का?"

"देवळाला गेला हे खरं. पण बोलीत ज्याची ऐपत नाही, त्याने निवडणुकीला उभं राहायचं कसं? तुमच्या त्या वस्तीतल्या बाईने किती बोली लावायची? आणि दोन कोटी देणारा पुढची पाच वर्षं काय करेल असं तुम्हाला वाटतं? भजन?"

अण्णा गप्प बसले. मी बोललेला शेवटचा शब्द जरा लागट होता. अण्णा स्वतः वारकरी आहेत. मी तो मागे घेतला.

मग मी त्यांना केरळमधल्या किळक्कंबलमची गोष्ट सांगितली. तिकडे ग्रामपंचायतीला पक्षाच्या चिन्हावर लढतात, आपल्यासारखी पॅनेलं नसतात. एर्नाकुलम जिल्ह्यातल्या या गावात कापड कंपनी आहे. तिच्या कारखान्याच्या प्रदूषणावरून ग्रामपंचायतीशी वाद झाला होता. मग कंपनीच्या पुढाकाराने 'ट्वेंटी ट्वेंटी' नावाची संघटना उभी राहिली. स्वस्त धान्य-भाजीचं दुकान, घरं, रस्ते. २०१५ मध्ये संघटनेने ग्रामपंचायतीच्या १९ पैकी १७ जागा जिंकल्या. २०२० मध्ये आणखी तीन गावं घेतली.

"मग लोकांचं भलंच झालं की," अण्णा म्हणाले. "स्वस्त भाजी कोण देतंय आपल्याला?"

"झालं असेल. रस्ते चांगले झाले, तेही खरं. पण कारखान्याचं पाणी ओढ्यात आलं तर तक्रार घेऊन जायचं कोणाकडे? परवाना देणारी ग्रामपंचायत, आणि ग्रामपंचायत निवडून आणणारी कंपनी."

"आपल्याकडे खडी क्रशर आहे," अण्णा हळूच म्हणाले.

आमच्या गावाच्या वरच्या अंगाला खडी क्रशर आहे. धूळ उडते, कपाशी पांढरी पडते, सुरुंगाने दोन विहिरींचं पाणी गेलं. गेल्या पाच वर्षांत ग्रामसभेत तो विषय दोनदा पुकारला गेला. दोन्ही वेळा गणपूर्ती नाही म्हणून सभा तहकूब झाली. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. पुढच्या सभेला सतरा माणसं होती आणि विषय पटलावरून गेला. सभेला माणसं का आली नाहीत, हे मी कधी शोधलं नव्हतं.

इथे मी माझं म्हणणं मांडलं. सप्ताहाची वर्गणी भिंतीवर लागते, तशी निवडणुकीची वर्गणी ग्रामपंचायतीच्या फलकावर लागली पाहिजे. देणाऱ्याचं नाव, रक्कम, आणि शेजारी पाच वर्षांत त्या नावावर गेलेली कामं. दोन्ही याद्या २६ जानेवारीच्या ग्रामसभेत मोठ्याने वाचायच्या. पैसा यायचा तो येऊ दे, पण गावाला दिसू दे.

अण्णांनी मान हलवली. "सूनबाई, सप्ताहाला दोन बाजू नसतात. निवडणुकीला असतात. विठ्ठलाला ५१ दिले म्हणून कोणी माझा पाण्याचा नळ तोडत नाही. पण वस्तीतल्या माणसाने तुझ्या पॅनेलला शंभर दिले आणि ते भिंतीवर लागलं, आणि दुसरं पॅनेल आलं, तर त्याचं घरकुल अडकतं. मजुरीला कोणी बोलवत नाही. मोठा ठेकेदार दोन्हीकडे देतो, त्याला कशाची भीती? भीती शंभरवाल्याला. तुझी भिंत त्यालाच गप्प करेल."

निवडणूक रोख्यांच्या खटल्यात सरकारने थोडंफार असंच म्हटलं होतं, की देणगीदाराचं नाव फुटलं तर त्याला त्रास होईल. १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी ती योजना एकमताने रद्द केली. पण त्याच निकालात त्यांनी एक फरक केला आहे: मनापासून पाठिंबा म्हणून दिलेल्या देणगीला खासगीपणाचं संरक्षण मिळू शकतं, मोबदल्याच्या आशेने दिलेल्या पैशाला नाही. पक्षांना वीस हजारांपर्यंतच्या देणगीची नावं निवडणूक आयोगाला कळवावी लागत नाहीत, ती सवलत तशीच राहिली. आमच्या पॅनेलांना या सगळ्यात जागाच नाही. रोखे घेता येत होते ते लोकसभा-विधानसभेत एक टक्का मतं मिळवलेल्या पक्षांना. गावच्या पॅनेलला ना नोंदणी, ना खातं, ना पावती. शंभर रुपये सरळ द्यायचे तरी वाट नाही, आणि तीन लाख आडून द्यायला कसलीच आडकाठी नाही.

"मग ठरवू," मी म्हणाले. "पाच हजारांच्या वरच्याचं नाव लावायचं, खालच्याचं नाही. आणि ग्रामपंचायतीचं काम करणाऱ्याने एक रुपया दिला तरी लावायचं."

"तो दहा जणांच्या नावाने चार हजार नऊशे लिहील."

"लिहील. मग दहा जणांना खोटं बोलावं लागेल. आत्ता कोणालाच बोलावं लागत नाही."

अण्णा वही मांडीवर घेऊन बसले होते. "तुझं पान बघितलंस कधी?" त्यांनी विचारलं.

मला वाटत होतं माझं पान नसेलच. मी माझ्या निवडणुकीत घरचे अकरा हजार घातले होते, बचतगटाकडून घेतलेले, आणि त्याचा मला अभिमान होता. पाच वर्षं मी ते सांगत आले. अण्णांनी पान उघडून वही माझ्या हातात दिली. वर माझं नाव, वॉर्ड क्रमांक ३. खाली त्यांच्या वळणदार अक्षरात: घरपट्टी थकबाकी ३,२४०. घोषणापत्र व वकील १,५००. दोन जीप, आठ दिवस. बॅनर. धाब्याचं बिल, तीन रात्री. शेवटच्या रात्रीच्या पाकिटांपुढे फक्त आकडा होता. एकूण ६१,४००. आणि उजव्या बाजूच्या रकान्यात, जिथे 'जमा' लिहितात, तिथे खडी क्रशरवाल्याचं आडनाव.

आयोगाकडे माझ्या सहीने गेलेला हिशेब ९,८५० चा होता. तो मी वाचला नव्हता. सही केली होती. चुलीपुढून उठून नव्हे, ग्रामपंचायतीच्या टेबलावर बसून केली होती, एवढाच काय तो फरक.

पहिल्याच वर्षी आमच्या वॉर्डातल्या सिमेंट रस्त्याच्या ठरावाला मी हात वर केला होता. खडी त्याचीच होती. दुसऱ्या पावसाळ्यात रस्त्याचा पापुद्रा निघाला, आणि मासिक सभेत मी त्यावर बोलायला उठले तेव्हा सरपंच म्हणाले, ताई, तुम्ही बसा. मी बसले. का बसवलं ते तेव्हा कळलं नव्हतं.

"तुला सांगितलं असतं तर तू उभीच राहिली नसतीस," अण्णा म्हणाले. "आणि तू नसतीस तर त्या जागेवर कोण आलं असतं ते तुला माहीत आहे. पाच वर्षांत तू अंगणवाडीचा पोषण आहार सुधारलास, पाण्याच्या टाकीला झाकण बसवून घेतलंस. ते कोणी केलं असतं? मी हिशेब केला आणि ठरवलं."

"हिशेब तुम्ही केलात अण्णा. मला विचारून केला असतात तर बरं झालं असतं."

ते काही बोलले नाहीत. आगटीवर राख चढली होती. वाऱ्याने ज्वारीची ताटं एकमेकांवर घासल्याचा आवाज येत होता. खरं तर मला त्यांचा राग यायला हवा होता, आणि आलाही. पण सात वर्षं थकलेली घरपट्टी आणि चाळीस रुपये नसलेलं घर माझ्या डोळ्यांपुढून हलत नव्हतं. अण्णांनी तिच्यासाठी जे केलं तेच माझ्यासाठी केलं होतं. ती बाई अजून वस्तीत राहते. तिला तिचं पान माहीत आहे का, हेही मी विचारलं नाही.

मी मोबाइल काढून माझ्या पानाचा फोटो घेतला. अण्णांनी अडवलं नाही.

"२६ तारखेच्या ग्रामसभेत वाचणार आहेस?"

"माझं पान वाचणार आहे."

"खोटा हिशेब दिला म्हणून तुझ्यावरच येईल."

"येऊ दे."

"बाकीची आठ पानं?"

"ती ज्यांची त्यांनी वाचायची. वही तुमच्याकडेच आहे."

त्यांनी वही पिशवीत घातली, दोरी आवळली. मग आगटीतला विस्तव काडीने उकरला, तळाशी राहिलेलं एक कणीस बाहेर काढलं आणि गरम गरम माझ्या हातावर ठेवलं.